घेंट : दुसऱ्याच्या लोकरीवर उभं राहिलेलं गाव

प्रवराकाठ | शुक्रवार, रात्री १०:४०

चार वर्षं झाली मला बेल्जियममधल्या घेंट गावात येऊन. सुट्टीत ओळखीचे येतात, ब्रूजला जाऊन कालव्यातली होडी, चॉकलेट आणि लेसचे रुमाल उरकतात आणि परतीच्या गाडीत विचारतात, "तुमच्या घेंटमध्ये पण काही बघण्यासारखं आहे का हो?" दर वेळी तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. यापुढे विचारणाऱ्याला धाग्याचा दुवा पाठवेन.

आधी नावाचं. इथले लोक 'खेंट' म्हणतात, तोही घसा खाकरल्यासारखा ख. फ्रेंचमध्ये 'गां'. जुनं नाव गांदा, म्हणजे संगम. लेये आणि स्खेल्ट या दोन नद्या इथे भेटतात. मी मूळचा संगमनेरचा. एका संगमावरून उठून दुसऱ्या संगमावर येऊन बसलोय.

दोन नद्या आणि सपाट चिखलट जमीन, एवढ्या भांडवलावर चौदाव्या शतकात इथे साठेक हजार माणसं राहत होती. आल्प्सच्या उत्तरेला पॅरिसच्या खालोखाल हेच शहर. एवढ्या लोकांचं पोट लोकरीच्या कापडावर चालायचं. कमावत्या हातांपैकी निम्म्याहून जास्त हात या ना त्या कारणाने लोकरीत. आणि ही लोकर त्यांची नव्हतीच! उंची कापडाला लागणारी मऊ लांब लोकर इंग्लंडहून जहाजाने यायची. धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, तुडवणं, रंगवणं, वर आलेले केस कातरून कापड गुळगुळीत करणं, हे सगळं घेंटमध्ये. मग कापड पुन्हा जगाच्या बाजारात.

यातलं 'तुडवणं' मला सगळ्यात आवडतं (लांबून). मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत असतं. ते मोठ्या टपात घालायचं, त्यात कोमट पाणी, मुलतानी मातीसारखी तेल शोषणारी माती आणि गल्लीगल्लीतून गोळा केलेलं मूत्र. त्यात उघड्या पायांनी तासन्‌तास नाचायचं. कापड आटतं, दाट होतं, वीण दिसेनाशी होते. हे काम करणारे ते व्होल्डर. त्यांच्या नावाची व्होल्डरस्ट्राट अजून आहे. आज तिथे महागडी दुकानं आहेत आणि आमच्या विद्यापीठाचं खांबवालं सभागृह. पदवीदानाला लोक झगे घालून त्या रस्त्याने येतात तेव्हा मला टपातलं ते पाणी आठवतं.

कच्चा माल दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं ते १३३६ मध्ये दिसलं. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचं फ्रान्सच्या राजाशी वाजलं. घेंट ज्या फ्लँडर्स प्रांतात येतं तिथला सरदार, म्हणजे काउंट, पडला फ्रान्सचा मांडलिक. एडवर्डने फ्लँडर्सची लोकर तोडली. भांडण राजाराजांचं, चूल विझली विणकराची. १३३८ च्या जानेवारीत गावाने याकोब व्हान आर्टेव्हेल्दे नावाच्या माणसाला पुढारी केलं. त्याने काउंटला बाजूला सारून इंग्लंडशी बोलणी केली आणि लोकर पुन्हा सुरू करून घेतली. १३४० च्या जानेवारीत तर एडवर्डने घेंटच्या शुक्रवार बाजारात उभं राहून स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी त्याच्या राणीला इथे मुलगा झाला, तो इंग्लंडच्या इतिहासातला जॉन ऑफ गाँट. 'गाँट' म्हणजे घेंटच.

(शुक्रवार बाजार हे मी केलेलं भाषांतर नाही. चौकाचं नावच फ्रेइडाखमार्क्ट, आणि शुक्रवारी अजून बाजार भरतो.)

लोकरीचा जोर ओसरल्यावर गावाला धान्याने हात दिला. लेये आणि स्खेल्टवरून येणारं सगळं धान्य घेंटला थांबवायचं, चौथा हिस्सा इथे विक्रीला ठेवायचा, मगच पुढे जायचं, असा हक्क गावाने मिळवला होता. नदीवर बसलेला जकात नाकाच म्हणा. आज पर्यटक ज्या ग्रासलेय घाटावर फोटो काढतात तिथल्या उंच दगडी इमारती म्हणजे धान्याची कोठारं आणि नावाड्यांच्या संघाची घरं.

आणि मग १५४०. सम्राट पाचवा चार्ल्स इथलाच, जन्म १५०० सालचा. त्याने लढाईसाठी कर मागितला, गावाने १५३७ मध्ये नाही म्हटलं. घरच्या पोराने घराला अशी शिक्षा केली की अजून विसरले नाहीत. गावातल्या मातब्बरांना आणि संघांच्या माणसांना अनवाणी, काहींना गळ्यात फास अडकवून, क्षमा मागायला लावली. गावाचे हक्क काढून घेतले, जुना मठ पाडून त्या जागी गावावरच नजर ठेवणारा किल्ला बांधला. तेव्हापासून घेंटकरांना 'फासवाले' म्हणतात. शिवी होती, त्यांनी बिरुद करून टाकली. जुलैच्या जत्रेत पांढरे सदरे आणि गळ्यात दोर घालून मिरवणूक निघते.

गिरण्यांचा काळ अजून बाकी आहे. तो उद्या. भांडी माझी वाट बघतायत.


चोखंदळ | शनिवार, सकाळी ६:५५

लेख आवडला. दोन दुरुस्त्या.

एक, साठ हजार हा आकडा शिरगणतीचा नाही. अशा शहरांचे आकडे सैन्यात पाठवलेल्या माणसांच्या याद्यांसारख्या कागदांवरून मागाहून बांधलेले असतात. पॅरिसखालोखाल म्हणताना 'बहुधा' लावावा.

दोन, इंग्रजी पुस्तकांमुळे आर्टेव्हेल्देला बरेच जण बिअर गाळणारा समजतात. तो कापडाच्या धंद्यातल्या श्रीमंत घरातला होता. तुम्ही त्याचा धंदा लिहिला नाहीत म्हणून वाचलात.


प्रवराकाठ | शनिवार, सकाळी ११:२०

चोखंदळ, 'बहुधा' लावला असं समजा. तुमचा प्रतिसाद येईपर्यंत माझ्या धाग्यांना पूर्णत्व येत नाही.


माणदेशी | शनिवार, दुपारी १२:०५

टपात तुडवायचं वाचून हसू आलं. आमच्या आळीला सनगरांची घरं. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असायची, त्याचा एक वास असतो. नवीन घोंगडं अंगाला टोचतं म्हणून पोरं रडायची आणि आजी म्हणायची, टोचतंय तवर ऊब हाय. नमदा करणारेही लोकर ओली करून दाबत-लाटतच नेतात. लोकरीला पाणी, ऊब आणि मार मिळाला की ती एकमेकींत गुंतते, हे मेंढरं पाळणाऱ्या सगळ्या मुलखांना कळलेलं दिसतं.

माझा प्रश्न वेगळा. विणणारा आणि तुडवणारा, दोघांत दर कुणाला जास्त? आमच्याकडं मेंढरावाला, विणणारा आणि विकणारा यांत विकणाराच सुखी.


प्रवराकाठ | शनिवार, दुपारी २:३०

माणदेशी, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. तुडवणाऱ्यांचा दर कापड करवून घेणारे ठरवायचे आणि त्यांच्यात विणकर संघाची चलती. व्होल्डर मजुरी वाढवून मागत होते. २ मे १३४५ ला, सोमवारी, शुक्रवार बाजारात दोन्ही संघ हत्यारं घेऊन समोरासमोर आले. विणकरांनी व्होल्डरांना कापून काढलं. त्या दिवसाचं नाव 'वाईट सोमवार'. आर्टेव्हेल्दे तेव्हा गावातच होता, पण त्याला काही थांबवता आलं नाही आणि जुलैत तोही जमावाच्या हातून मेला.

याचा पुढचा भाग गाइड लोक सांगत नाहीत. १३४९ च्या जानेवारीत पारडं फिरलं. व्होल्डर आणि बाकीच्यांनी मिळून विणकरांना झोडलं, आणि त्या दिवसाचं नाव 'चांगला मंगळवार'. कुणासाठी चांगला ते ज्याने नाव ठेवलं त्याला विचारायचं.

एकोणिसाव्या शतकात त्याच चौकात आर्टेव्हेल्देचा पुतळा उभारला, १८६३ मध्ये. हात इंग्लंडच्या दिशेने.


भटकभवानी | शनिवार, दुपारी ३:१०

वाचतेय. आम्ही गेल्या मे महिन्यात ब्रूज करून आलो, तुमच्या पहिल्या परिच्छेदातले पापी आम्हीच. ब्रूज एवढं सुंदर राहिलं आणि घेंट जरा काळवंडलेलं, असं का? घेंटच्या चर्चमधलं व्हान आयिक या जुन्या चित्रकाराचं वेदीचित्र तेवढं अर्ध्या तासात पळत पळत पाहिलं.


प्रवराकाठ | शनिवार, दुपारी ४:००

थोडक्यात, ब्रूज म्हणजे पेठ आणि घेंट म्हणजे माग. ब्रूजला परदेशी व्यापारी यायचे, हुंड्या वटायच्या. युरोपातल्या भाषांमधला शेअर बाजाराचा 'बूर्स' हा शब्दही ब्रूजच्या व्हान देर ब्यूर्झे घराण्याच्या खानावळीवरून आलाय. पण त्यांची समुद्राकडची वाट, झ्विन नावाची खाडी, गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पला गेला. ब्रूज झोपलं. झोपलेल्या गावाच्या जुन्या भिंती कुणी पाडत नाही, म्हणून ते सुंदर. घेंटला झोप परवडली नाही. मध्ये दोनेक शतकं अळशीच्या धाग्याचं लिनन विणून काढली आणि मग गिरण्या आल्या. काळवंडणारच.

शिवाय ग्रासलेयचं जे 'मध्ययुगीन' रूप तुम्ही बघितलंत त्यातलं बरंचसं १९१३ च्या जागतिक प्रदर्शनाआधी पाहुण्यांसाठी घासूनपुसून, काही ठिकाणी नव्याने बांधून केलेलं आहे.

वेदीचित्राच्या चोरीचा विषय कृपया इथे काढू नका. धागा संपेल, विषय संपणार नाही.


परळचा_भोंगा | शनिवार, संध्याकाळी ७:४५

गिरण्या केव्हा येणार? इथे पब्लिक त्यासाठी थांबलंय.

आजोबा साचाखात्यात, वडील बदली कामगार म्हणून लागले आणि कायम व्हायच्या आत ८२ चा संप झाला. गिरणी म्हटलं की मी कुठल्याही देशातली वाचतो. कामगार राहायचे कसे तेही लिहा. मालकाने किती टन सूत काढलं हे सगळीकडे मिळतं, पण संडास किती जणांत एक होता ते कुणी लिहीत नाही.


प्रवराकाठ | रविवार, सकाळी ११:५०

बसा सगळे, आज भांडी घासून झालीत.

इंग्लंडमध्ये १७७९ च्या सुमारास सॅम्युअल क्रॉम्प्टनने सूत कातायचं एक यंत्र केलं. आधीच्या दोन यंत्रांच्या करामती एकत्र केल्या म्हणून त्याला नाव पडलं 'म्यूल', म्हणजे खेचर. एकाच माणसाच्या देखरेखीखाली कितीतरी चात्या एकदम फिरायच्या आणि सूत बारीक, मजबूत. इंग्लंडने कायदाच केला की यंत्रं देशाबाहेर न्यायची नाहीत आणि कुशल कारागिरांनीही जायचं नाही.

घेंटमध्ये लिव्हेन बाउवेन्स नावाचा कातडी कमावणाऱ्यांच्या घरातला माणूस होता, जन्म १७६९. धंद्याच्या निमित्ताने इंग्लंडला ये-जा. १७९८ च्या सुमारास त्याने खेचराचे सुटे भाग मिळवले, दुसऱ्या मालात दडवून समुद्रापार आणले आणि काही कारागीरही फोडले. बिंग फुटलं. इंग्लंडमध्ये त्याच्या गैरहजेरीत खटला चालून शिक्षा झाली. इथे तो नगराध्यक्ष झाला. रिकाम्या केलेल्या मठात त्याने सूतगिरणी घातली (तेव्हा फ्रेंच क्रांतीचं राज्य होतं, मठ स्वस्त होते). नेपोलियनने त्याचा सन्मान केला. नेपोलियन पडला तेव्हा तोही पडला, दिवाळं निघालं आणि १८२२ मध्ये पॅरिसला मेला. एका देशाचा चोर, दुसऱ्याचा उद्योगमहर्षी. त्याचं खेचर इथल्या उद्योग संग्रहालयात आहे, जाऊन पाहता येतं.

पुढच्या तीसेक वर्षांत गाव बदलून गेलं. ग्राव्हनस्टेन हा बाराव्या शतकातला काउंटचा किल्ला तुम्ही फोटोत पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकात त्या किल्ल्यात सूतगिरणी होती! आतल्या पडव्यांमधून कामगारांची कुटुंबं राहायची. गिरणी गेल्यावर किल्ला पाडून प्लॉट पाडायचा बेत होता, नगरपालिकेने विकत घेऊन वाचवला. १८२७ मध्ये समुद्राकडे कालवा झाला, तेर्न्यूझनपर्यंत. तीनच वर्षांत बेल्जियम हॉलंडपासून फुटला आणि कालव्याचं तोंड राहिलं हॉलंडमध्ये, म्हणून दहाएक वर्षं तो बंद. नशीबच तसं आहे या गावाचं. लोकर इंग्लंडच्या हातात, कापूस अमेरिकेच्या आणि समुद्राची वाट डचांच्या.

आता परळकरांचा प्रश्न. इथल्या चाळीला 'बेलौक' म्हणत. एखाद्या घरामागच्या बोळात दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग, बोळाचं दुसरं तोंड बंद. पाण्याचा पंप सामाईक, संडास सामाईक. 'बटाव्हिया' नावाचं बेलौक सगळ्यात बदनाम. मारेस्का आणि हेमान या दोन डॉक्टरांनी १८४५ मध्ये सूतगिरणी कामगारांची पाहणी छापली. काय खातात, किती कमावतात, मुलं किती वर्षांची कामाला लागतात, सगळं. तुम्हाला हवी आहे ती नोंद तिथे आहे. आणि तरी बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेऊ नये हा कायदा व्हायला १८८९ उजाडलं.

बटाव्हिया पाडून त्या जागी विद्यापीठाने विज्ञान संस्थेची भव्य इमारत बांधली. तिच्या पायऱ्या चढताना आता मला जरा अवघडल्यासारखं होतं.

आणखी एक. मालक फ्रेंच बोलायचे, कामगार फ्लेमिश, म्हणजे इथली डच. गिरणीतला हुकूम, कोर्ट, विद्यापीठ सगळं फ्रेंच. विद्यापीठात डच भाषा पूर्णपणे यायला १९३० उजाडावं लागलं.


परळचा_भोंगा | रविवार, दुपारी १:१५

आभारी आहे. बटाव्हियाचं वाचून जेवण थांबलं. आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे, त्यात निदान विज्ञान तरी नाही म्हणायचं.

युनियन नव्हती का?


प्रवराकाठ | रविवार, दुपारी ३:४०

होती, आणि तिने सुरुवात पावापासून केली. एडवर्ड आन्सेले आणि मंडळींनी १८८० च्या सुमारास 'व्होरआउट' नावाची सहकारी संस्था काढली. व्होरआउट म्हणजे 'पुढे'. बेकरी स्वतःची. सभासदाने पाव घ्यायचा आणि वर्षाचा नफा पावाच्या प्रमाणात त्यालाच परत. मग औषधांचं दुकान, किराणा, वर्तमानपत्र, बँक आणि पुढे चक्क स्वतःची सूतगिरणी. आपल्याकडचा साखर कारखाना आठवला ना? मलाही. आजाराला मदत हवी तर सभासद व्हा, सभासद व्हायचं तर पाव आमचा खा. बँक १९३४ मध्ये बुडाली आणि बरंच काही घेऊन गेली.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी कामगारांसाठी नाट्यगृह, उपाहारगृह, नाचघर असा वाडा बांधला. गिरणीत राबणाऱ्याला राजवाड्यात बसून कॉफी पिता यावी म्हणून. इमारत अजून दिमाखात उभी आहे, मी तिथे कॉफी पितो, राबत मात्र लॅपटॉपवर.

१९०१ मध्ये नगरपालिकेने आणखी एक गोष्ट सुरू केली. बेकार सभासदाला संघटना जो भत्ता देईल त्यात पालिका भर घालणार. जगभर तिला 'घेंट पद्धत' म्हणतात. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडमध्ये तिचीच रूपं चालतात. बेल्जियममध्ये आजही बेकारभत्ता संघटनेच्या ऑफिसातून घेता येतो. माझ्या एका सहकाऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं होतं तो मोर्चाला चाललाय. तो फॉर्म भरायला चालला होता.

आणि जगभरच्या मोर्चांत गायलं जाणारं कामगारांचं ते 'इंटरनॅशनल' गाणं आहे ना, त्याला चाल लावणारा पियेर द गेटर १८४८ मध्ये घेंटमध्येच जन्मला.


चोखंदळ | रविवार, रात्री ९:००

'कापूस अमेरिकेच्या हातात' या वाक्याला एक जोड. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, कापूस थांबला आणि युरोपभर गिरण्यांची चाकं थबकली. त्याच चार वर्षांत मुंबईत पैशाचा पाऊस पडला, कारण सगळे हिंदुस्थानच्या कापसामागे लागले. शेअर्सचा जुगार, बॅकबे भरावाच्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद, आणि युद्ध संपताच ६५ मध्ये सगळं कोसळलं. म्हणजे ज्या वर्षांत बेलौकमध्ये उपासमार होती त्याच वर्षांत आपल्या पेढ्यांवर पेढे वाटले जात होते. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती राहिलं, हा वेगळा धागा.


धोटेकरी | रविवार, रात्री ११:३०

इचलकरंजीतनं रामराम. दिवसपाळी संपवून वाचतोय, एका बैठकीत धागा संपवला.

बेल्जियम म्हणजे आमच्यासाठी पिकॅनॉल. रॅपिअर माग. नवा घ्यायची ऐपत थोड्यांची, बाकीचे युरोपातनं निघालेले जुने उचलत्यात. आमच्या शेजाऱ्यानं असे सहा आणले. पेटी उघडली तर मागाच्या अंगावर कुणीतरी डच भाषेत खडूनं कायतरी लिहिलेलं. पुसलं न्हाई त्यानं. म्हणाला, असू दे, आधीच्या मालकाचा हात हाय.

तुमच्या कापड करवून घेणाऱ्यांचं वाचून आमचे खर्चीवाले आठवले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग आपला आणि मजुरी मीटरवर. दर व्यापारी सांगणार. सातशे वर्षांत फक्त वीजबिल वाढलं म्हणायचं.

पिकॅनॉल घेंटचंच का?


प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ८:१०

नाही, ते ईपरचं, इथून पश्चिमेला. कंपनी १९३६ ची. ईपर हे पण लोकरीच्या कापडाचं जुनं गाव, घेंट आणि ब्रूजच्या जोडीचं. पहिल्या महायुद्धात दगडावर दगड उरला नाही, तिथला प्रचंड कापडबाजार पुन्हा जसाच्या तसा बांधला.

त्या खडूच्या अक्षरांचा फोटो मिळाला तर वाचून सांगतो.


धोटेकरी | सोमवार, रात्री १०:५०

विचारलं शेजाऱ्याला. शब्द लिहून आणला, देवनागरीत जमेल तसा : 'ओल्ये'.


प्रवराकाठ | सोमवार, रात्री ११:०५

ओली म्हणजे तेल. "तेल घाला" म्हणून खूण केली असावी.


धोटेकरी | सोमवार, रात्री ११:२०

हात्तिच्या. आम्ही नमस्कार करायचो त्याला.


कपाशीवाला | मंगळवार, सकाळी ६:२०

राजेहो, तीन दिवसापासून वाचून राहिलो, आता राहावलं नाही म्हून लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला. लोहारा एमआयडीसीत डेनिमची मोठी फॅक्टरी हाये, जीन्सचं कापड काढतात. नाव 'रेमंड यूको डेनिम'. रेमंड मले समजते. हे यूको काय हाये, वीस वर्षांत कोणी सांगतलं नाही. बेल्जियमचं नाव कानावर आलं होतं, तुमच्या धाग्यात बेल्जियम दिसलं म्हून विचारतो.


मीन_मेष | मंगळवार, सकाळी ८:४५

यूको बँक असेल. कर्ज दिलं असेल कारखान्याला. :)


प्रवराकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

कपाशीवाले, मी दिवसभर ऑफिसात दुसरं काही केलं नाही.

यूको म्हणजे 'युनिओं कोतोनिएर', कापूसवाल्यांची एकी. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, घेंटच्या गिरण्या एकत्र येऊन ही कंपनी झाली. मालक फ्रेंच बोलत म्हणून नाव फ्रेंच. गावातल्या निम्म्या जुन्या कामगार घराण्यांच्या तोंडी अजून 'आमचे आजोबा यूकोत' हे असतं, आपल्याकडे 'अमक्या मिलमध्ये' असतं तसं. साठच्या दशकापासून एकेक गिरणी बंद होत गेली. शेवटी उरलं ते डेनिम. २००६ मध्ये त्यांनी आणि रेमंडने डेनिमसाठी निम्मी-निम्मी भागीदारी केली आणि तुमच्या कारखान्याला ते नाव लागलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत घेंटमधलं डेनिमही थांबलं.

म्हणजे बाउवेन्सने पेटी चोरून आणल्यापासून सुरू झालेलं सूत इथे संपलं आणि नावाची तीन अक्षरं यवतमाळला उरली, जिथे कापूस शेतात पिकतो.

गाव रिकामं बसलं नाही. कालव्याकाठी १९६५ पासून व्होल्वोच्या गाड्या बनतात आणि पोलाद कारखाना आहे. तो आता मित्तलांच्या कंपनीचा. लोहखनिज येतं जहाजाने, बाहेरून. (हो, मलाही दिसतंय ते.) आणि फुलं. १८०९ पासून इथे पुष्पप्रदर्शन भरतं, अझेलियाची रोपं इथून युरोपभर जातात.


परळचा_भोंगा | मंगळवार, रात्री ९:४०

आमच्या मिलचं नाव आता तिथल्या मॉलला आहे. कपाशीवाले, तुमच्याकडे निदान कापड निघतंय.


चोखंदळ | मंगळवार, रात्री १०:१५

मीन_मेष, यूको बँक म्हणजे युनायटेड कमर्शिअल. तीही चौकशी करून टाकली.


भटकभवानी | बुधवार, सकाळी ९:३०

पुढच्या वर्षी घेंटमध्ये दोन दिवस ठरलेत. किल्ला, खेचर, व्होरआउटमध्ये कॉफी. अजून काही?


प्रवराकाठ | बुधवार, दुपारी १:००

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर आधी जा. जुन्या सूतगिरणीची इमारत आहे ती, खिडकीतून गावाचे तिन्ही बुरूज एका रांगेत दिसतात. मग खाली या. वेळ साधलीत तर माग चालवून दाखवतात. कानात बोळे घालायला देतात, घालू नका, एकदा ऐका.

कपाशीवाले, त्या पाटीचा एक फोटो टाकाल का? इथे शेजारी यूकोतून निवृत्त झालेल्या एक आजी आहेत, त्यांना दाखवायचाय.


कपाशीवाला | बुधवार, रात्री ८:५०

टाकतो भाऊ, पण लगेच नाही. वेचणी लागली आहे, मजूर भेटून नाही राहिले, घरचे सगळे वावरात. कापूस घरात आला की तिकडं चक्कर होतेच. आजीले सांगा, पंधरा दिवस थांबा म्हना.